कोटाच्या आतले अहमदाबाद

अहमदाबादला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आलेले असतात. कुणी नोकरीच्या कामासाठी, कुणी लग्नाला, तर कुणी सोमनाथ-द्वारकेच्या वाटेवर गाडी बदलण्यासाठी. मधल्या चार-सहा तासांत साबरमती आश्रम, कांकरिया तलाव आणि थोडी साड्यांची खरेदी उरकली की 'अहमदाबाद पाहिले' असे आपण सांगू लागतो. परंतु ज्या शहराला १४११ साली सुलतान अहमदशहाने आपले नाव दिले, ते शहर साबरमतीच्या पूर्व काठावर, जुन्या कोटाच्या आत आहे आणि ते पाहायचे तर पायीच पाहावे लागते. जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचा हा भाग. भद्रच्या किल्ल्यापासून निघालात तर रमतगमत चालतही तासाभरात काळूपूर स्टेशन गाठाल. मात्र वाटेत जे आहे ते बघत जायचे म्हटले, तर दोन दिवसही पुरत नाहीत.

जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. संपूर्ण शहराला असा मान मिळण्याची भारतातली ही पहिलीच वेळ. जयपूरचा क्रमांक त्यानंतर, २०१९ मध्ये लागला. तेव्हापासून इथे पर्यटकांची वर्दळ वाढली आहे. पण पहिल्यांदाच येणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करून यावे. हे शहर म्हणजे तिकीट काढून पाहायचा रिकामा राजवाडा नव्हे. इथे माणसे राहतात, कपडे वाळत घालतात, पापड लाटतात, ओट्यावर बसून भाजी निवडतात. आपण त्यांच्या दारात जात असतो. हे ध्यानात ठेवले तर हे शहर आपले दार हसत उघडते.

दिशा कशी ओळखाल?

जुन्या अहमदाबादच्या गल्ल्यांत नवखा माणूस हरवणारच. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र आधी ढोबळ नकाशा डोक्यात बसवून घ्यावा. पश्चिमेला नदी, नदीकाठी भद्रचा किल्ला. तिथून पूर्वेकडे तोंड केले की पुढे तीन दरवाजा, त्यापुढे जामा मशीद आणि तिच्या पलीकडे माणेक चौक. सुलतानाने राजवाडा, मैदान, मशीद आणि बाजार असे एका ओळीत आखलेले हे शहर आहे. ती ओळ सहाशे वर्षांनंतरही चालून पाहता येते.

गांधी रोड आणि रिलीफ रोड हे दोन मोठे रस्ते शहराच्या मध्यातून पूर्व-पश्चिम जातात. गल्लीबोळात वाट चुकलात तर कुणालाही 'गांधी रोड कुठे?' एवढे विचारावे. हिंदी सर्वांना समजते. 'भाई' किंवा 'बेन' म्हणून हाक मारली तर माणूस दोन पावले बरोबर येऊन रस्ता दाखवतो.

कोटाची भिंत आता जवळजवळ उरलेली नाही. विसाव्या शतकात ती पाडली गेली. दरवाजे मात्र बरेचसे शिल्लक आहेत आणि शहराचे पत्ते आजही त्यांच्याच नावाने सांगितले जातात. दिल्ली दरवाजा, दरियापूर, काळूपूर, रायपूर, आस्टोडिया ही नावे रिक्षावाल्याला सांगितली की पुरे. एखादा दरवाजा वाहनांच्या गर्दीत बेटासारखा एकटाच उभा असलेला दिसला, तर तिथे एके काळी भिंत होती असे समजावे.

तीन दरवाजा आणि मुलीचा वाटा

भद्रहून निघाल्यावर पहिला मोठा मुक्काम तीन दरवाजाचा. दगडी कमानींचे हे भव्य प्रवेशद्वार शहराच्या अगदी सुरुवातीच्या काळातले आहे. आज त्याच्या भोवती इतके फेरीवाले असतात की, कपड्यांच्या ढिगांवरून नजर वर नेल्याशिवाय कमानी दिसतच नाहीत. पर्स आणि पाकीट मात्र इथे जरा सांभाळावे.

या दरवाजाच्या एका कोनाड्यात दिवा तेवत असतो. त्याची कथा अशी सांगतात की, एका रात्री प्रत्यक्ष लक्ष्मी शहर सोडून निघाली. पहाऱ्यावरच्या कोतवालाने तिला ओळखले. 'बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर थांब,' असे तिच्याकडून वचन घेऊन तो गेला आणि आपण परतलोच नाही तर लक्ष्मी कायमची इथेच राहील, म्हणून त्याने स्वतःचे शिर उतरवून घेतले. लक्ष्मीच्या नावाचा हा दिवा पिढ्यान्‌पिढ्या एक मुसलमान कुटुंब लावत आले आहे. कथा खरी की खोटी हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. दिवा मात्र खरा आहे.

मराठी माणसाने इथे आणखी एक गोष्ट आवर्जून शोधावी. १७५८ पासून सुमारे साठ वर्षे अहमदाबादवर मराठ्यांचा अंमल होता. पेशवे आणि गायकवाड या दोघांचा त्यात वाटा होता. भद्रच्या किल्ल्यातले भद्रकालीचे देऊळ त्याच काळातले. या काळाची आपल्याकडे फारशी आठवण काढली जात नाही आणि अहमदाबादेतही लोक त्याविषयी भरभरून बोलतात असे नाही, कारण करवसुलीच्या जाचाच्या कहाण्याही त्यात आहेत. पण १८१२ साली चिमणाजी रघुनाथ या मराठा सुभेदाराने तीन दरवाजाच्या खांबावर एक देवनागरी लेख बसवला. त्याचा आशय असा की, वडिलांच्या मालमत्तेतला वाटा मुलीला विनाअडथळा मिळावा. ही विश्वनाथाची आज्ञा आहे. ती मोडणाऱ्या हिंदूला महादेवापाशी आणि मुसलमानाला अल्लापाशी जाब द्यावा लागेल.

दोनशे वर्षांपूर्वीचे हे फर्मान किती घरांत पाळले गेले असेल, हा भाग वेगळा. आपल्या महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीला मुलाइतका हक्क देणारा कायदा १९९४ मध्ये झाला आणि देशभर तो २००५ मध्ये आला, हे लक्षात घेतले की त्या दगडाचे मोल कळते. आजूबाजूच्या गर्दीत तो लेख चटकन दिसत नाही. दुकानदारांना विचारून शोधावा आणि बरोबर मुलगी असेल तर तिला तो जरूर दाखवावा.

मराठी माणसाचा आणखी एक धागा इथे आहे. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे याच शहरात वकिली करीत. नगरपालिकेच्या कारभारात आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी सरदार पटेलांबरोबर काम केले. दक्षिणेतून आलेले असे कित्येक मराठी घराणे इथल्या मातीत मिसळून गेले.

पोळ म्हणजे काय?

मराठीत पोळ म्हटले की मोकाट सोडलेला वळू डोळ्यांपुढे येतो. गुजरातीतला पोळ अगदी निराळा. संस्कृतात प्रतोली म्हणजे वेस, दरवाजा. त्यावरून हा शब्द आला. एका दरवाजाच्या आत एक मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या बारक्या गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून बांधलेली घरे, असा हा पोळ. बहुधा एकाच जातीची किंवा एकाच धंद्यातली कुटुंबे एका पोळात राहत. दरवाजावर पहारेकऱ्याची खोली असे आणि रात्री दरवाजा बंद होई. आपल्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असतात, तर इथे पोळात शंभर वाडे असतात असे म्हटले तरी चालेल. अशा शेकडो पोळांचे मिळून जुने अहमदाबाद झाले आहे. मुसलमानांचे मोहल्लेही याच धर्तीचे.

पोळात शिरलात की चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, चबुतरा. उंच खांबावर नक्षीदार छत्रीसारखा दिसणारा हा चबुतरा पाखरांना दाणे टाकण्यासाठी असतो. झाडे तोडून घरे बांधली, तेव्हा पाखरांची सोय करणे आपले कर्तव्य आहे, ही त्यामागची भावना. दुसरी, दरवाजाजवळचा काळा फळा. त्यावर खडूने पोळातल्या सूचना लिहिलेल्या असतात. वर्तमानपत्र येवो न येवो, हा फळा वाचल्याशिवाय पोळातला माणूस बाहेर पडत नाही. तिसरी, देऊळ किंवा जैन देरासर. बाहेरून साध्या घरासारखे दिसणारे देरासर आत गेल्यावर संगमरवराने झळाळून उठते. आणि चौथी गोष्ट म्हणजे चोरवाट. आंधळी वाटणारी गल्ली एखाद्या घराच्या पोटातून थेट शेजारच्या पोळात उघडते. दंगाधोपा झाला तर बायकामुलांना गुपचूप बाहेर काढता यावे म्हणून या वाटा ठेवलेल्या असत.

घरांची रचना आपल्या वाड्याशी बरीच जुळते. दारात ओटा, आत उघडा चौक आणि चौकाभोवती खोल्या. मराठी सुनेला तिथे गेल्यावर आजोळी आल्यासारखे वाटेल. एक गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच दिसते. चौकाच्या फरशीखाली 'टांका' नावाचे पाण्याचे मोठे तळघर असते. गच्चीवर पडलेले पावसाचे पाणी नळीने थेट त्यात उतरते. सुरुवातीच्या एक-दोन पावसांचे पाणी गच्ची धुऊन जाऊ द्यायचे आणि मग टांक्याचे तोंड उघडायचे, अशी पद्धत. उजेड आणि हवा लागू न दिल्याने ते पाणी पिण्यासाठी वर्षभर पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नळ येईपर्यंत निम्मे शहर या पाण्यावर जगले. आज छतावरचे पाणी साठवण्याचा धडा आपण नव्याने गिरवतो आहोत. इथल्या घरांनी तो कधीच गिरवून ठेवला आहे.

घरे विटांची, पण भिंतींत आडवे-उभे सागवानी लाकूड बसवलेले. त्यामुळे धक्का बसला तर घर थोडे डोलते, पण तग धरते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात नव्या अहमदाबादेतल्या काही बहुमजली इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या, तेव्हा पोळांमधली बहुतेक लाकडी घरे उभी राहिली.

सकाळची फेरी

पोळ पाहण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे महानगरपालिकेची 'हेरिटेज वॉक'. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी ती सुरू झाली. सकाळी आठच्या सुमारास काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघायचे आणि दोन-अडीच तास चालत जामा मशिदीपाशी थांबायचे. मंदिरापासून मशिदीपर्यंतचा हा रस्ता मुद्दामच तसा आखलेला आहे. वेळ आणि शुल्क आदल्या दिवशी विचारून घ्यावे. पायात रोजच्या वापरातल्या चपला असाव्यात, कारण वाटेत देवळांसमोर त्या वारंवार काढाव्या लागतात.

काळूपूरचे मंदिर १८२२ मधले असून स्वामिनारायण संप्रदायाचे हे पहिले मंदिर. ब्रह्मदेशातल्या सागवानावरचे रंगीत कोरीवकाम डोळे भरून पाहावे असे आहे. पुढे लांबेश्वरच्या पोळात गुजरातीचे कवी दलपतराम यांचे घर होते. आता त्या जागी ओट्यावर बसलेला त्यांचा पुतळा आहे. पोळातली मुले त्यांच्या शेजारी बसून गप्पा मारतात. त्यापुढे काळ्या रामाचे देऊळ लागते, दोशीवाड्याच्या पोळातले देरासर लागते आणि लाकडी नक्षीच्या घरांच्या रांगा सुरू होतात. एखाद्या चौकात थांबून वाटाड्या कोणत्या घरावर मोगल छाप आहे, कोणत्यावर मराठा आणि कोणत्यावर इंग्रजी, ते ओळखून दाखवतो.

फेरीच्या शेवटी जामा मशीद. १४२४ मध्ये पुरी झालेली ही मशीद पाहताना तिचे २६० खांब आधी डोळ्यांत भरतात. खांबांवरची घडण देवळाच्या सभामंडपाची आठवण करून देते, कारण घडवणारे हात त्याच गुजराती सोमपुरा परंपरेत तयार झालेले होते. तिचे मिनार पूर्वी फार उंच होते. १८१९ च्या भूकंपात त्यांचे वरचे भाग पडले. आता खालचे नक्षीदार बुंधे तेवढे राहिले आहेत. नमाजाची वेळ टाळून गेलात तर आत निवांत बसता येते. बाहेर रणरणते ऊन असले तरी खांबांच्या सावलीत गारवा असतो.

लाल दरवाजाजवळची सिदी सैयदची मशीद मात्र फेरीत येत नाही. ती संध्याकाळी, मावळतीच्या उजेडात पाहावी. १५७२-७३ च्या सुमारास एका हबशी सरदाराने ही लहानशी मशीद बांधली. तिच्या कमानींतल्या दगडी जाळ्या जगप्रसिद्ध आहेत. एकमेकांत गुंतलेल्या झाडांच्या फांद्या दगडात अशा कोरल्या आहेत की, वाऱ्याने हलतील असे वाटते. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे बोधचिन्ह याच जाळीवरून घेतले आहे. या जाळ्या रस्त्यावरून, मशिदीच्या मागच्या बाजूनेही छान दिसतात.

राणी, दाई आणि शेठाणी

या शहराची एक खुबी पर्यटकांना कुणी फारशी सांगत नाही. इथल्या उत्तम वास्तूंपैकी कित्येक बायकांनी उभ्या केल्या आहेत. आस्टोडिया दरवाजाजवळची राणी सिप्रीची मशीद १५१४ मधली. आकाराने लहान, पण नाजूकपणात तिच्या तोडीची दुसरी नाही. म्हणूनच लोक तिला 'नगीना' म्हणतात. कोटाबाहेर असारव्याला दाई हरीरची वाव आहे. महमूद बेगड्याच्या राणीवशाची व्यवस्था पाहणाऱ्या या बाईने १५०० च्या सुमारास पाच मजले खोल अशी पायऱ्यांची विहीर बांधली आणि संस्कृत व अरबी अशा दोन्ही भाषांत लेख कोरवले. पाणी कोणत्याही तहानेल्या जिवासाठी, हे त्यातून आपोआप कळते.

दिल्ली दरवाजाबाहेरचे हठीसिंगांचे जैन मंदिर १८४८ मधले. व्यापारी हठीसिंग केसरीसिंग यांनी ते बांधायला घेतले आणि काम अर्ध्यावर असतानाच ते वारले. त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी ते पुरे केले. धर्मनाथ तीर्थंकरांचे हे पांढरे शुभ्र देऊळ आणि भोवतालच्या बावन्न देवळ्या पाहताना, त्या काळातल्या एका विधवा स्त्रीने एवढा कारभार कसा पेलला असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तीन दरवाजावरचा तो लेख वाचून आलेल्याला या तिन्ही जागा अधिकच बोलक्या वाटतील.

जामा मशिदीजवळच सुलतानाच्या राण्यांची कबरस्थाने आहेत. 'राणीचा हजीरा' हे त्याचे नाव. गंमत म्हणजे आज त्याच्या चारही बाजूंना बायकांचाच बाजार भरतो. चणिया-चोळ्या, भरतकामाच्या पट्ट्या, चांदीसारखे दिसणारे दागिने. भाव करायला लाजू नये. समोरच्या 'बादशहाच्या हजीऱ्या'त पुरुषांना डोके झाकून जावे लागते आणि बायकांना आतल्या दालनात प्रवेश नाही.

माणेक चौकाचे घड्याळ

माणेक चौक एकदाच पाहून भागत नाही. सकाळी तिथे भाजीबाजार असतो. दुपारी तोच सराफांचा. गल्लीतली धूळ झाडून, चाळून सोन्याचे कण शोधणारे झारेकरी इथे आजही दिसतात. आणि रात्री सराफांच्या फळ्या लागल्या की त्याच फरसबंदीवर टेबले मांडली जातात, तवे तापतात आणि मध्यरात्रीनंतरही लोक जेवत असतात. पावभाजी, चीज घातलेले डोसे, अननसाचे सँडविच, कुल्फी असा सगळा शाकाहारी थाट. लोणी मात्र सढळ हाताने. पोटाला जपणाऱ्यांनी सुरुवातीलाच 'बटर ओछुं' म्हणून सांगावे.

सकाळच्या न्याहारीला फाफडा-जिलेबी, चहाबरोबर खमण आणि संध्याकाळी रायपूर दरवाजाकडची गरम भजी, हे अहमदाबादचे ठरलेले वेळापत्रक. वरणात गूळ असतो. पहिल्या दिवशी ते गोड लागते, तिसऱ्या दिवशी आवडू लागते. साड्या-बांधणीसाठी रतनपोळ आणि सुती कापडासाठी ढालगरवाड. दुकानदार गादीवर बसवून पन्नास साड्या उलगडतो. काही न घेता उठलात तरी चहा पाजतो.

पाहुण्याने काय पाळावे?

पोळातल्या गल्ल्या सार्वजनिक असल्या, तरी ओटे खाजगी आहेत. ओट्यावर चढून फोटो काढण्याआधी विचारावे. बायका कामात असतील तर कॅमेरा खाली ठेवावा. बहुतेक वेळा विचारल्यावर 'आवो, अंदर जुओ' असेच उत्तर येते. मग मात्र चपला काढून आत जावे, घराचा चौक पाहावा, आजी दिसल्या तर दोन शब्द बोलावे. पैसे देऊ करू नयेत, त्याने मन दुखावते. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटण्याचीही गरज नाही. देवळात, देरासरात आणि मशिदीत अंग झाकणारे कपडे हवेत. जैन देरासरात कातडी पट्टा-पर्स बाहेर ठेवायला सांगतात. दुपारी एक ते चार पोळ झोपलेला असतो. त्या वेळी मोठ्याने बोलत हिंडू नये.

चौदा जानेवारीच्या उत्तरायणाला पोळातल्या गच्च्या भरून वाहतात. आकाश पतंगांनी झाकले जाते. खाडिया-रायपूरकडची काही कुटुंबे त्या दिवसापुरती गच्ची भाड्याने देतात. ही मजा जरूर लुटावी, पण काचेचा मांजा हातात घेऊ नये. माणसांचे गळे आणि पाखरांचे पंख त्याने कापले जातात. पाखरांसाठी चबुतरे बांधणाऱ्या शहरात तरी ते शोभत नाही.

कुलपे आणि दिवे

आता थोडे कडू बोलायला हवे. पोळातून फिरताना नक्षीदार दारांवर लागलेली कुलपे पाहुण्याच्या नजरेतून सुटत नाहीत. काही घरांतून गोणपाटाचे, कागदी खोक्यांचे ढीग दिसतात. तिथे आता गोदाम आहे. याची कारणे अनेक. मोटार दारापर्यंत येत नाही, मुलांना नदीपलीकडे फ्लॅट हवा असतो, म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत. १९६९, १९८५ आणि २००२ च्या दंगलींनी दोन्ही समाजांतल्या कित्येक कुटुंबांना पिढीजात दारे सोडायला लावली. एका घराचे दहा-बारा वारस होतात, कुणी मुंबईत तर कुणी परदेशात. सही करायला सगळे एकत्र येत नाहीत आणि घर तसेच पडून राहते. जुन्या लाकडी खांबांना बाजारात मोठी किंमत येते. ते उतरवून विकले की मागे उरतो तो सिमेंटचा ठोकळा.

जागतिक वारशाची पाटी लागली म्हणून घर टिकत नाही. घर टिकते ते त्यात संध्याकाळी दिवा लागतो म्हणून. काही कुटुंबांनी आपल्या हवेल्या दुरुस्त करून दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या आहेत. कुणी घरचे जेवण देतात, कुणी तरुण मुले आपल्याच पोळाची माहिती सांगत फिरवतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने नदीपलीकडच्या हॉटेलात उतरून तासाभरासाठी इकडे यावे, त्यापेक्षा जमल्यास एक रात्र इथेच काढावी. खर्चलेले चार पैसे त्याच गल्लीत राहतात. पहाटे चबुतऱ्यावरची पाखरे आणि देवळातली घंटा ऐकायला मिळते ती वेगळीच. आपण गेल्यावर त्या घरातल्या मुलाला आपले घर सोडण्याआधी एकदा विचार करावासा वाटला, तर आपल्या सहलीचे चीज झाले.

जाण्यापूर्वी हे वाचा

मुंबईहून अहमदाबाद रेल्वेने सुमारे ४९० किलोमीटर. रात्रभराच्या गाड्या आहेत, तशाच सहा-सात तासांत पोचवणाऱ्या दिवसाच्या वेगवान गाड्याही. पुण्याहूनही थेट गाड्या मिळतात. अहमदाबादचे मुख्य स्टेशन म्हणजे काळूपूर, ते जुन्या शहराला लागूनच आहे. मात्र तिथे पुनर्बांधणीचे मोठे काम निघाल्याने काही गाड्या साबरमती, मणिनगर, असारवा किंवा वटवा इथून सुटतात. तिकिटावर कोणते स्टेशन छापले आहे ते नीट पाहावे. विमानतळ सुमारे दहा किलोमीटरवर आहे. २०२२ पासून मेट्रोही जुन्या शहराच्या पोटातून धावते. घीकांटा स्टेशनवर उतरले की गल्ल्या सुरूच होतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांच्या घरात जातो, तेव्हा लहान मुलांना आणि वृद्धांना घेऊन जाऊ नये. गेलातच तर सकाळी दहाच्या आत फिरणे उरकावे. गुजरातेत दारूबंदी आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

दोन दिवस हाताशी असतील तर पहिल्या सकाळी हेरिटेज वॉक, दुपारी विश्रांती, संध्याकाळी सिदी सैयदची जाळी आणि रात्री माणेक चौक. दुसऱ्या दिवशी सकाळी भद्र, तीन दरवाजा आणि राणी सिप्रीची मशीद, मग हठीसिंगांचे मंदिर आणि दाई हरीरची वाव. तिसरा दिवस मिळाला तर साबरमती आश्रम आणि अठरा किलोमीटरवरची अडालजची वाव करावी. आणि यांपैकी काही राहिलेच, तर खंत करू नये. एखाद्या पोळात वाट चुकून कुणाच्या ओट्यावर पाणी प्यायला बसलात, तर एखादी मशीद कमी पाहिली तरी चालेल.